हे कसले 'वैवाहिक ऋण'?

लग्न ठरलेल्या मुलीला आमच्या समाजात उपदेशांची वाण पडत नाही. सासूशी कसे वागावे, नणंदेचे मन कसे राखावे, रविवारची मिस्सा आणि संध्याकाळची रोझरी नव्या घरात कशी सांभाळावी, हे सारे आई, मावशी, आत्या, शेजारणी आपापल्या परीने तिला सांगत असतात. शय्यागृहाविषयी मात्र तिच्या वाट्याला एकच वाक्य येते, तेही आवाज खाली आणून सांगितलेले: नवऱ्याला कधी नाही म्हणू नये. मुलाला तर तेवढेही कोणी सांगत नाही. पूर्वी त्याला मित्र शिकवीत. आता मित्रांची जागा हातातल्या मोबाईलने घेतली आहे, आणि तिथल्या चित्रांतल्या स्त्रीला कधी दुखत नाही, ती कधी दमलेली नसते, तिला कधी ताप नसतो. अशा शिकवणीतून तयार झालेले दोन जीव आपण वेदीसमोर उभे करतो, आशीर्वाद देतो, बँडबाजा लावून घरी पोचवतो आणि दार ओढून घेतो.

त्या एका वाक्याशी आमचे भांडण आहे. ते केवळ रूढीच्या नावाने सांगितले गेले असते तर आम्ही एवढे अस्वस्थ झालो नसतो, रूढी बदलतात. पण ते धर्माच्या नावाने सांगितले जाते. संत पौलाचे नाव घेतले जाते, 'वैवाहिक ऋण' असा भारदस्त शब्द वापरला जातो आणि मुलीचे तोंड बंद होते. ज्या धर्माने विवाहाला संस्काराचे पद दिले, त्याच धर्माच्या नावावर एका माणसाच्या वेदनेकडे डोळेझाक करण्याचा परवाना दुसऱ्याला मिळतो, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की हा विषय डॉक्टरांचा. घरातली लहानथोर माणसे ज्या नियतकालिकाची पाने उलटतात तिथे तो आणू नये. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही विचारतो, ख्रिस्तसभेला तरी हा विषय अशिष्ट वाटला आहे काय? पतीपत्नीचा देहसंबंध घडल्याखेरीज विवाह परिपूर्ण झाला असे तिचा कायदाच मानीत नाही. आमच्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार धर्मगुरू देत नाहीत. ते साक्षीदार असतात, संस्कार देतात ते वर आणि वधू एकमेकांना. जो संस्कार देवळात देता येतो त्याची घरातली बाजू बोलताना मात्र लाज वाटते, हे आम्हांला समजत नाही.

प्रथम देहाविषयी बोलू, कारण सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. दुखणे हा स्त्रीचा धर्म आहे, पहिल्यांदा दुखायचेच, मग सवय होते, ही आमच्याकडची समजूत. ती अर्धवट आहे आणि घातक आहे. भीती वाटली की माणसाचे स्नायू आपोआप आवळतात. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. भ्यालेल्या मुलीच्या देहाचेही तसेच होते. आवळलेल्या देहावर बळ चालवले की वेदना होते, वेदनेच्या आठवणीने पुढच्या वेळी देह अधिक आवळतो, आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते. काही स्त्रियांच्या बाबतीत ते इतके घट्ट होते की संबंध अशक्यच होतो. वैद्यकशास्त्राला हा विकार नीट परिचित आहे, त्यावर उपचार आहेत आणि धीराने घेतल्यास बऱ्याच जणी बऱ्या होतात. पण आमच्या घरांत तिला 'थंड' म्हणतात, किंवा नवस बोलायला नेतात.

बाळंतपणानंतरची गोष्ट घ्या. टाके भरायला, गर्भाशय पूर्वस्थितीला यायला साधारण सहा आठवडे लागतात, कित्येकींना अधिक. त्यानंतरही मूल अंगावर पीत असेल तोवर शरीरातील स्त्रीसंप्रेरकाचे प्रमाण कमी असते आणि अंगात कोरडेपणा राहतो. हा प्रेमाचा कोरडेपणा नव्हे. पाळी जाण्याच्या वयात, म्हणजे साधारण पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान, तोच कोरडेपणा पुन्हा येतो आणि वीस-पंचवीस वर्षे सुखाने नांदलेल्या बाईला एकाएकी दुखू लागते. औषधाच्या दुकानात मिळणारे साधे स्निग्ध जेल आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला एवढ्याने पुष्कळ वेळा काम भागते. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एक विकार आहे, त्यात पाळीही दुखते आणि संबंधही दुखतो. त्याचे निदान व्हायला कित्येक वर्षे जातात, कारण बाई बोलत नाही आणि बोललीच तर घरचे म्हणतात, सगळ्याच बायकांना दुखते. मूत्रमार्गाची जळजळ, मधुमेहामुळे पुनःपुन्हा होणारा जंतुसंसर्ग, ही यादी डॉक्टर आमच्यापेक्षा चांगली देतील.

पण सगळेच काही डॉक्टरकडे नेण्याजोगे नसते. कोणाला मानेला स्पर्श झाला की सुखाऐवजी शिसारी येते. कोणाला दारूचा, तंबाखूचा वास जवळ आला की पोटात ढवळते. कोणाची त्वचा इतकी हळवी असते की दोन दिवसांची दाढी तिला ओरखडते. कोणाला पातळ भिंतीपलीकडे सासरे खोकत आहेत ह्या जाणिवेनेच अंग चोरून घ्यावेसे वाटते. पहाटे उठून भाजीच्या, फुलांच्या पाट्या घेऊन दादर गाठणाऱ्या आमच्या बाया, विरारच्या लोकलमध्ये उभ्याने दोन-दोन तास काढणाऱ्या आमच्या लेकी रात्री अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा त्यांच्या देहाला काय हवे असते? बोटीवरून सहा-नऊ महिन्यांनी परतणाऱ्या नवऱ्याच्या घरी तर एक वेगळीच अडचण असते. मने पत्रांनी, फोनांनी जोडलेली असतात, पण देह एकमेकांना परके झालेले असतात. त्यांना पुन्हा ओळख करून घ्यायला दोन दिवस लागले तर त्यात कोणाचा अपमान आहे? सुटीचे दिवस मोजून आलेल्या माणसाची घाई आम्ही समजू शकतो. ती घाई दुसऱ्याच्या देहावर काढणे समजू शकत नाही.

आणि पुरुषाचा देह? तो काय लोखंडाचा असतो? मणक्याचे दुखणे, मधुमेह, रक्तदाबाची औषधे, नोकरी जाण्याची चिंता, ह्यांतले काहीही त्याला असमर्थ किंवा अनुत्सुक करू शकते. त्याची त्वचाही दुखते, त्यालाही काही स्पर्श नकोसे असतात. अशा वेळी बायकोने टोमणा मारला, मैत्रिणीकडे हसून बोलली, तर तीही तोच अपराध करते. 'पुरुषाला नेहमीच हवे असते' हे वाक्य 'बाईने नाही म्हणू नये' ह्या वाक्याचे सख्खे भावंड आहे. आमच्या समाजात पहिल्याचे बळी अधिक आहेत असे मात्र आम्ही मानीत नाही, आणि खोटा समतोल राखण्याची आम्हांला हौसही नाही.

आता संत पौल. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात त्याने म्हटले आहे की पत्नीचा देह तिच्या एकटीच्या अधिकारात नाही, पतीच्याही आहे. आमचे उपदेशक इथे थांबतात. पौल थांबला नाही. त्याच दमात तो म्हणतो की पतीचा देहही त्याच्या अधिकारात नसून पत्नीच्या आहे. पहिल्या शतकातल्या त्या रोमन बंदरात वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून कोणाची भुवई वर गेली नसेल. बायको नवऱ्याची मालमत्ता हे तिथल्या बाजारातल्या पोरालाही माहीत होते. धक्का होता तो दुसऱ्या अर्ध्या भागाचा. नेमका तोच आम्ही गिळून टाकला. पुढे पौल म्हणतो की दूर राहायचे तर परस्पर संमतीने राहा, आणि लगेच हेही सांगतो की हे मी सवलत म्हणून सांगतो, आज्ञा म्हणून नव्हे. ज्याने स्वतः 'आज्ञा नव्हे' असे लिहून ठेवले त्याच्या नावावर आज्ञा फर्मावण्याचे धाडस आमच्यात कुठून आले?

आणि समजा, ते ऋणच आहे. तरी ज्याचा देह पत्नीचा आहे, त्याचे हात कोणाचे? तिचेच. त्या हातांनी तिला दुखावे की तिला सुख व्हावे हे ठरवण्याचा अधिकार मग कोणाचा? पौलाचे गणित शेवटपर्यंत सोडवले तर उत्तर आमच्या रूढीच्या नेमके उलटे येते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातही पतीने पत्नीवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करावी, कोणी स्वतःच्या देहाचा द्वेष करीत नाही तर त्याचे पोषण करतो, असे सांगितले आहे. आपल्या पायात काटा गेला तर आपण तो पाय दाबून टेकवतो काय? आपण लंगडत चालतो, बसतो, काटा काढतो.

जुन्या करारातले गीतरत्न आमच्या घरांत क्वचितच वाचले जाते. त्यात प्रियकर रात्री दार ठोठावतो, प्रेयसी अंथरुणात आहे, तिने वस्त्र उतरवले आहे, पाय धुतले आहेत, ती जरा घुटमळते. तो दार फोडत नाही. ती उठून येते तोवर तो निघून गेलेला असतो, आणि मग तीच त्याला शोधीत नगरात हिंडते. प्रेम आपखुशीने जागे होईपर्यंत त्याला उठवू नका, अशा आशयाचे विनवणे ह्याच ग्रंथात तीनदा आले आहे. तोबिताच्या पुस्तकात तर तोबियास आणि सारा लग्नाच्या रात्री आधी प्रार्थनेला उभे राहतात. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात त्यांनी तीन रात्री प्रार्थनेत घालवल्याचे म्हटले आहे, आणि त्यावरून मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी नवदांपत्याने तीन रात्री थांबण्याची प्रथाही होती. 'पहिल्या रात्रीच झाले पाहिजे' हा हट्ट शास्त्रातून आलेला नाही. तो चित्रपटातून आला आहे, आणि सकाळी डोळे मिचकावणाऱ्या मित्रांकडून.

ख्रिस्तसभेनेही आपली भाषा बदलली आहे, ही गोष्ट आमच्या धर्मग्रामांपर्यंत का पोचत नाही? १९१७च्या कॅनन कायद्यात विवाहाची संमती म्हणजे परस्परांच्या देहावरील कायमचा आणि अनन्य हक्क देणे-घेणे, अशी व्याख्या होती. 'ऋण' आणि 'हक्क' ह्या शब्दांचे मूळ तिथे दिसते. (त्या जुन्या काळातही संत थॉमस अक्वायनसच्या परंपरेने देणाऱ्याच्या प्रकृतीला अपाय होऊ नये अशी मर्यादा घातलीच होती; तीही आम्ही विसरलो.) मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. १९६५च्या तिच्या दस्तऐवजात विवाह हा जीवनाचा आणि प्रेमाचा जिव्हाळ्याचा सहवास म्हणून वर्णिला गेला. १९८३च्या नव्या कॅनन कायद्यातील १०५७व्या कलमात देहावरील हक्काची भाषा उरली नाही. स्त्री आणि पुरुष स्वतःला परस्परांस देतात आणि स्वीकारतात, असे तिथे म्हटले आहे. आणि १०६१व्या कलमात विवाह परिपूर्ण होण्यासाठी संबंध 'मानवी रीतीने' घडलेला असला पाहिजे, हे शब्द मुद्दाम घातले गेले. बळजबरीने घडलेल्या गोष्टीला मानवी रीत म्हणत नाहीत, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

पोप सहावे पॉल ह्यांचे १९६८चे 'मानवी जीवना'विषयीचे परिपत्रक आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे ते संततिनियमनाच्या साधनांना त्याने केलेल्या मनाईमुळे. त्याच परिपत्रकाच्या तेराव्या परिच्छेदात, जोडीदाराची स्थिती आणि त्याच्या रास्त इच्छा ध्यानात न घेता लादलेला संबंध हे प्रेमाचे कृत्य नव्हेच, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली कुटुंबावरील आपल्या उपदेशपत्रात त्याचा पुनरुच्चार केला. गोळी आणि निरोध ह्यांवरचे प्रवचन आम्ही किती वेळा ऐकले, आणि ह्या परिच्छेदावरचे किती वेळा? पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेल्या कॅरोल वोयतिवा ह्यांनी तर १९६०च्या आपल्या पोलिश ग्रंथात, स्त्रीचा देह हळू जागा होतो, पुरुषाने त्याची गती ध्यानात घेतली पाहिजे, आणि जिला 'थंड' म्हटले जाते तिच्या थंडपणाचे कारण पुष्कळदा पुरुषाच्या स्वार्थात असते, हे उघडपणे मांडले होते. एका धर्मगुरूला हे लिहिताना संकोच वाटला नाही. आमच्या विवाहित पुरुषांना ते वाचताना का वाटावा?

देशाचा कायदा इथे फारसा सोबतीला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३व्या कलमातही अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळण्याचा जुना अपवाद कायम ठेवलेला आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मात्र लैंगिक अत्याचाराचा समावेश आहे. मुंबईने हा वाद फार पूर्वी पाहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला, पतीने १८८४ साली दावा लावला, आणि १८८७ साली न्यायालयाने त्यांना नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. ह्या गोष्टीत आम्हां ख्रिस्ती लोकांना बोचणारा एक तपशील आहे. पत्नीला न्यायालयामार्फत परत आणण्याचा तो उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून आलेला होता, आणि पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी तो परका असल्याचे दाखवूनही दिले होते. इंग्लंडने १९७०च्या कायद्याने तो मोडीत काढला. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात तो अजूनही आहे.

आमच्यातले काही सुशिक्षित म्हणतात, ह्या जुन्या गोष्टी झाल्या, आता मुली शिकल्या. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी नको असेल तेव्हा आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो असे सांगितले. गोव्यात हे प्रमाण ९२ टक्के, सर्व राज्यांत अधिक. आकडा समाधानाचा आहे. पण देशभरात जवळजवळ पाचांतील एकीला नाही म्हणता येत नाही, हाही त्याचाच अर्थ. शिवाय आमचा प्रश्न होय आणि नाही एवढ्यावर संपत नाही. तिने होय म्हटले, प्रेमाने म्हटले, आणि मध्येच तिला दुखले, तर? होय म्हणून झाल्यावर 'थांब' म्हणता येते काय? 'असे नको, तसे' म्हणता येते काय? पाहणीत हा प्रश्न नाही, आणि आमच्या घरांतही नाही.

पुरुषाने मग किती संयम करायचा, असा प्रतिप्रश्न हमखास येतो. तो विचारणाऱ्यांना आम्ही उपवासकाळाची आठवण देतो. चाळीस दिवस मांस सोडणारे, दारूच्या थेंबाला न शिवणारे पुरुष आमच्या प्रत्येक वाडीत आहेत. नैसर्गिक कुटुंबनियोजनाची पद्धत दर महिन्याला ठरावीक दिवस दूर राहायला सांगते, आणि ते विवाहित पुरुषाला शक्य आहे असा ख्रिस्तसभेचा विश्वास आहे. कॅलेंडरसाठी जो थांबू शकतो तो बायकोच्या कळवळण्यासाठी थांबू शकत नाही? नकाराचे हत्यार करून नवऱ्याला महिनोन्‌महिने शिक्षा देणाऱ्या बायका नसतात असे आम्ही म्हणत नाही. ते भांडण वेगळे आहे आणि त्याचे कारणही बहुधा वेगळ्याच खोलीत, पैशाच्या कपाटात किंवा दारूच्या बाटलीत सापडते.

नवऱ्याला नाही म्हटले हे पाप म्हणून पापनिवेदनात सांगितल्याचे आम्हांला काही स्त्रियांनी स्वतः सांगितले आहे. बायकोला दुखत असता मी थांबलो नाही, हे पाप म्हणून सांगितल्याचे आजवर एकाही पुरुषाच्या तोंडून आम्ही ऐकलेले नाही. आमच्या धर्मगुरूंना आम्ही नम्रपणे सुचवतो की पहिले निवेदन ऐकल्यावर प्रायश्चित्त देण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे: बाई, का नाही म्हटलेत?

आम्ही दोघे पतीपत्नी विवाहेच्छू तरुणांच्या शिबिरांत गेली काही वर्षे जात आहोत. तिथे संस्कारांचे ईशज्ञान शिकवले जाते, घरखर्चाचा हिशेब शिकवला जातो, डॉक्टर येऊन सुपीक दिवसांचा तक्ता काढून दाखवतात. हे सारे आवश्यक आहे. त्या तक्त्यानंतर आणखी अर्धा तास द्या, एवढीच आमची मागणी आहे. दुखणे सोसायचे नसते आणि दुखले तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्यात लाज नाही, हे डॉक्टरने सर्वांसमोर सांगावे, मुलांनाही ऐकू जाईल असे. 'थांब' ह्या शब्दावर थांबायचे असते आणि त्यावर रुसायचे नसते, हे एखाद्या विवाहित पुरुषाने सांगावे. त्याच्या तोंडून ते अधिक पटेल. काय आवडते, काय सोसत नाही हे विचारणे म्हणजे निर्लज्जपणा नव्हे, हे धर्मगुरूंनी सांगावे.

शिबिराच्या शेवटी नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न विचारण्याची सोय असते. मुलींच्या चिठ्ठ्यांत एक प्रश्न दर वेळी असतो: दुखले तर काय करायचे? मुलांच्या चिठ्ठ्यांतला नेहमीचा प्रश्न असतो: तिने नाही म्हटले तर काय करायचे? आजवर मुलींच्या चिठ्ठ्यांना बाजूच्या खोलीत एखादी सिस्टर उत्तर देते, मुलांच्या चिठ्ठ्यांना फादर. पुढच्या वेळी दोन्ही चिठ्ठ्या एकाच खोलीत, दोघांच्याही देखत, एकापाठोपाठ एक वाचून दाखवाव्यात.